हत्ती बरा होईपर्यंत

१ मार्च, दुपारी ४

झालं एकदाचं. डावा हात, आतली बाजू, मनगटाच्या चार बोटं वर. अजिबात दुखलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते एसीमुळे.

टॅटूवाली पंचविशीची असेल. मी नेलेल्या कागदावरचा हत्ती बघून म्हणाली, काका, चौथा पाय राहिलाय, काढू का? म्हटलं, राहिलेला नाही, तो मागे आहे. चित्र काढलं तेव्हा पाच वर्षांच्या चित्रकर्तीने स्वतः दिलेलं स्पष्टीकरण आहे ते. त्यात बदल करणारा मी कोण?

निघताना तिने छापील कागद हातात ठेवला. सौम्य साबणाने धुवा, हलक्या हाताने टिपा, क्रीमचा पातळ थर, खाजवू नका, खपली काढू नका, तीन आठवडे जपा. हे मला. सव्वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे मी. तिचं मन मोडू नये म्हणून कागद खिशात घातला.

मुलगी बावीस तारखेला येतेय. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

२ मार्च

बायकोने बघितलं. खूप वेळ हाताकडे बघत राहिली, मग म्हणाली, "यापेक्षा तिला फोन केला असतात तरी चाललं असतं."

विषय तो नाहीच. तरी नोंद म्हणून लिहून ठेवतो. सप्टेंबरात मुलीने भुवईला रिंग टोचून घेतली. मी फक्त एवढंच म्हणालो की असलं तोंड घेऊन पुन्हा दारात उभी राहू नकोस. दुसऱ्या दिवशी ती नोकरीच्या गावी निघून गेली. आईला रोज फोन, मला एकही नाही. मी मनाला लावून घेतलेलं नाही. दिवसही मोजलेले नाहीत. एकशे चौऱ्याहत्तर.

प्लॅन सोपा आहे. ती आली की गप्पा मारता मारता बाही दुमडायची. सहज. तिला तिचा हत्ती दिसेल. पुढे मला काही बोलावं लागणार नाही.

४ मार्च, सकाळी ७

पातळ थर हा हौशी लोकांचा प्रकार. आपला कोर्स असा: सकाळी अँटिबायोटिकची ट्यूब, दुपारी जंतुनाशक मलम, संध्याकाळी लाल खोक्यातलं, जे दुकानात सगळ्यात जास्त खपतं. तिन्ही सढळ हाताने. अख्खी कॉलनी मला विचारून मलम लावते. मी कोणाला विचारू?

६ मार्च

शर्टाची बाही हाताला चिकटली. सोडवल्यावर हत्तीचा ठसा शर्टावर. ठसा उत्तम आला आहे. खरं तर हातावरच्यापेक्षा स्पष्ट.

बायकोने शर्ट भिजत घालायच्या आधी विचारलं, हत्ती धुवू की ठेवू? तिला आजकाल प्रत्येक गोष्टीत गंमत दिसते.

८ मार्च

खाज. प्रचंड. पण खाजवलं नाही, शब्द म्हणजे शब्द. अधूनमधून चापट मारतो. कागदात चापटीचा उल्लेख नाही. (हो, वाचला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.)

संध्याकाळी एक बाई खाजेवर औषध मागायला आल्या. त्यांना, खाजवण्याने कातडीचं कसं नुकसान होतं, हे पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, तुम्ही मघापासून काउंटरच्या कडेला हात घासताय. माझ्या लक्षात आलं नव्हतं. लोकांचं आपल्या बोलण्याकडे लक्ष नसतं ते नसतंच.

११ मार्च

हत्तीच्या आजूबाजूला लाल पुरळ. चांगलं लक्षण आहे, शरीर कामाला लागलंय. त्याला मदत म्हणून आजपासून चौथं मलम.

१३ मार्च, दुपार

खपली निघाली. मी काढली नाही, नखाला लागून आली. तिच्याबरोबर सोंडही आली. म्हणजे अर्धी.

टॅटूवालीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. काका, क्रीम किती लावताय? पातळच, म्हटलं. पातळ म्हणजे डोळ्यांना दिसायला नको एवढं, काका. मग तिने विचारलं, तुम्ही करता काय? सांगितलं, सरकारी नोकरी.

१४ मार्च

दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्किनचे डॉक्टर बसतात. सहज चक्कर टाकली. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि विचारलं, ही चार मलमं एकत्र लावायला कोणी सांगितली? एका मेडिकलवाल्याने, म्हटलं. ते खाली मान घालून लिहीत राहिले. खांदे मात्र हलत होते.

मलमांचीच ॲलर्जी निघाली. चिठ्ठी घेऊन खाली आलो आणि माझ्याच काउंटरवर मलाच दिली. एक साबण, एक ट्यूब, आणि मोठ्या अक्षरात, 'बाकी सगळं बंद.' या डॉक्टरांचं अक्षर मी पंधरा वर्षं अंदाजाने लावत आलोय. आजच इतकं स्वच्छ कसं आलं कोण जाणे.

१९ मार्च

पुरळ कमी. हत्तीही कमी. सोंड अर्धी, पाठीवर पांढरा डाग, कान पसरून गालावर आलाय. मूळ कागद काढून शेजारी धरला. एकोणीस वर्षं गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये नीट राहिला होता. माझ्या हातावर एकोणीस दिवस टिकला नाही.

वाईट वाटलं. भीतीही वाटते. ती आली, आईशी बोलली आणि गेली, तर मला दाखवायलाही काही उरलं नाही.

नवा प्लॅन: ती असेपर्यंत फुल बाह्या. बटण लावून.

२२ मार्च, संध्याकाळी ६

आली. दार मीच उघडलं. तिला आत यायला जागा द्यावी म्हणून सरकलो, ती मला जागा द्यायला सरकली, दोघंही एकाच बाजूला. रिंग आहे अजून. "प्रवास?" "ठीक." एवढंच बोलणं झालं.

जेवणानंतर हात धुताना बायको मोठ्याने म्हणाली, अहो, बाही वर घ्या, भिजेल. गेल्या अठ्ठावीस वर्षांत तिला माझ्या बाहीची कधी काळजी वाटलेली नाही.

मुलीने हात धरून बघितला. "बाबा, ही गाय आहे का?" मग तिने पाय मोजले असावेत, कारण तिचं बोट तिसऱ्या पायावरच थांबलं. नळ तसाच चालू होता.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "दुखलं का?"

"हो," म्हटलं. "आणि मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

तोंडातून निघून गेलं. प्लॅनमध्ये नव्हतं.

२३ मार्च

मुलगी कडक आहे. साबणाचा फेस किती, टिपायचं कसं, सगळं शिकवलं. तिच्या भुवईचं भोक व्यवसायाच्या नजरेने तपासलं. इतकी स्वच्छ भरलेली जखम मी क्वचित पाहिली आहे. कोणतं मलम, विचारलं. म्हणाली, कोणतंच नाही, चार महिने रोज दोन वेळा मिठाचं पाणी आणि हात लावायचा नाही. रिंग वाईट दिसत नाही. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, माहितीये.

२७ मार्च, सकाळी ८

काल ती परत गेली. आज फोन. माझ्या मोबाइलवर. मला वाटलं चुकून लागला, म्हणून आईला देतो म्हणालो. "नको. धुतलंस का? फोटो पाठव." चाळीस सेकंद.

३ एप्रिल

रोज सकाळी आठला फोन. मी साडेसातपासून हात धुऊन बसतो. काल फोनवर तिने ऑफिसमधल्या कटकटींचंही सांगितलं. अकरा मिनिटं. मी मध्ये सल्ला दिला नाही. म्हणजे एकदाच दिला.

१२ एप्रिल

डॉक्टरांनी बघितलं. पूर्ण बरं झालंय, आता साबणही नेहमीचा चालेल, ट्यूब बंद. हत्ती जसा आहे तसाच राहणार म्हणाले.

आठला फोन आला. अजून खाज येते का, तिने विचारलं. तिला आता चांगली सवय लागलीय, मध्येच तोडणं बरं नव्हे. म्हटलं, येते थोडी. मग उद्या परत फोन करते म्हणाली.