चिकटपट्टी लावलेली कॅसेट

पाथर्डी,
१४ जुलै २०२५

फैयाजमास्तर यांस दिलावरचा सलाम.

तुमचं पत्र रमजानात आलं. उत्तर आता, मोहरमच्या सवाऱ्या उठून आठ दिवस झाल्यावर लिहितोय. उशिराची माफी करा. बीपीची गोळी बदललीय, हात थरथरतो. हे खरं, पण उशीर मुद्दाम केला, हेही खरं. जरा तुम्हीही वाट बघा.

लकव्यानं बोटं गेली, नात अफ्रीननं तुमचं क्लॅरिनेट कधी ऐकलंच नाही, म्हणून ती कॅसेट पाठवा म्हणता. कॅसेट माझी होती, मास्तर!

नगरच्या लष्करी कॅम्पात मी मेसचा वेटर. जाझ म्हणजे साहेबलोकांचा जेवतानाचा गोंगाट, असंच वाटायचं. मग एक दिवस सूपचा ट्रे नेताना पाय आपोआप ड्रमच्या ठेक्यावर पडायला लागले. बदलीवर जाताना एका साहेबांनी ती जाझची कॅसेट दिली. कोणी पुसू नये म्हणून मी तिच्या कोपऱ्यातला प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकला. तुम्ही एका दिवसासाठी नेलीत, त्या भोकावर चिकटपट्टी लावलीत आणि आदिनाथच्या वरातीतला तुमचा बँड तिच्यावर टेप करून परत दिलीत. वर चारचौघांत म्हणालात, "दिलावर, तुझ्या जाझपेक्षा आमच्या गिरणीचा पट्टा सुरात वाजतो रे!" नवरदेवाची आई छबूबाईसुद्धा हसली. छत्तीस वर्षं झाली.

पाच वर्षांपूर्वी सून सुमैरानं मोबाईलवर जाझ लावून दिलं. आधी मला नुसतं दणदणीत ट्रम्पेट हवं असायचं. मग मागच्या जाड तारेचा आवाज कानात बसला. आता संथ चालीचं आवडतं. वाजवणारा चाल सोडून भटकतो, आता हा हरवला म्हणून माझा जीव वर येतो, आणि तो बरोबर वेळेवर घरी येतो.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कॅसेट टेपमध्ये घातली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. तुमची पट्टी अजून घट्ट आहे. समोर बसून खोकत राहिलो.

"अब्बा, हे काय भरताय?" सुमैरा म्हणाली.

"गिरणीचा पट्टा."

किती पुसलं ते बघावं म्हणून लावलं. माझा खोकला संपला आणि तुमचं क्लॅरिनेट सुरू झालं. वरातीचं गाणं सोडून भलतीकडेच निघालं, ढोलवाले गोंधळले, आणि ते बरोबर वेळेवर घरी आलं.

फैयाज, गाढवा, तू तेच वाजवत होतास! आणि हसत होतास मला. त्या रात्री मी जेवलो नाही. राग उतरला असं समजू नकोस, दुप्पट झालाय.

कॅसेट पाठवणार नाही. अफ्रीनला घेऊन इथं ये. आधी माझ्या मोबाईलवर तासभर जाझ ऐक, न हसता. मग वरातीत काय बोलला होतास ते तिच्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांग. मग तुझं लावतो. पहिली सात मिनिटं माझा खोकला आहे. त्याची माफी मागणार नाही.

फीत जुनी झालीय, कुरकुरते. माझी तब्येतही तशीच. सकाळी वाटतं पट्टी काढून टाकावी, संध्याकाळी बोट पुन्हा रेकॉर्डच्या बटणाकडे जातं. येतोस की नाही, लवकर कळव.

काहीही न विसरलेला,
दिलावर