उडाणटप्पू खाली आला

३ मार्च
पुतळा बसवला त्याचा! चौकातच. गुंडाला मारायला त्याने बस उचलून फेकली आणि ती थांब्यावर आदळली, तोच चौक. थांब्यावर माझी बायको उभी होती. तिचे दोन्ही पाय गेले, ते दगडावर कोरलेलं नाही.

उडत येऊन वाचवतो म्हणून लोक त्याला तारणहार म्हणतात. मी उडाणटप्पू म्हणतो.

मेहुणा फुलं घेऊन गेला होता. "भावजी, त्या दिवशी अख्खं शहर वाचलं!" वाचलं ना. तुझ्या बहिणीला विचार.

९ मार्च
वेल्डिंगचा मुखवटा चढवून भल्या पहाटे पुतळ्याचा हात कापून आलो. पेपरात फोटो. नाव ठेवलंय – काळतोंड्या! घ्या, फुकटात बारसं झालं.

त्याचा आगीतून चालणारा चेला गेल्या महिन्यातच माझ्या जाळ्यात आला होता. त्याची ताकद गेली, नोकरी शोधतोय म्हणे. आता गुरूची पाळी.

१४ मार्च
बायकोला मुखवटा सापडला. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सूड घ्यायचाय तर घे. माझ्या पायांच्या नावाने घेऊ नकोस."

जेवलो नाही.

२० मार्च
लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. उडणारा माणूस लिफ्टच्या विहिरीत किती उडणार? पाडायला काढलेल्या इमारतीत लिफ्ट अडकवली, आत मोबाइल ठेवला – त्यात माझंच "वाचवा, वाचवा!" आणि आला की पठ्ठ्या! लिफ्टला तोल देणारे लोखंडी ठोकळे वरून सोडले.

खाली गेलो. खांद्याचा चुराडा. तोंडावरचं फडकं निसटलेलं. म्हातारा निघाला! पांढरे केस, कवळी बाजूला पडलेली. म्हणाला, "आता उडणं संपलं." मग श्वास घेत घेत, "थांब्यावर एक बाई होती... जगली का रे ती?"

ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि निघालो.

२१ मार्च
जिंकलो. कोणाला सांगू?

२ एप्रिल
भर दुपारी बाजारातल्या उंच इमारतीला आग. तिथल्या लिफ्ट माझ्याकडेच असतात. रस्त्यावर सगळे माना वर करून. मेहुणा पण. "येईल, आत्ता येईल!" तो येणार नाही, हे त्या गर्दीत मला एकट्यालाच माहीत. मग गाडीतून मुखवटा काढला – धगीपासून तोंड तरी वाचेल – आणि आत घुसलो. अडकलेल्यांसाठी किल्लीने लिफ्टचे दरवाजे उघडत जिन्याने वर गेलो. मिळेल त्याला ओढून जिन्याला लावलं. शेवटच्या मजल्यावरचा दरवाजा तापून फुगला होता. पलीकडून एक बाई हाका मारत होती. पहारीने खूप जोर लावला.

मग हाका थांबल्या.

३ एप्रिल
काल मुखवटा काढून बाहेर आलो तर लोकांनी खांद्यावर घेतलं. टाळ्या, शिट्ट्या. त्या बाईचा नवरा तेवढा गप्प उभा होता. माझ्याकडे बघत होता. ती नजर मला पाठ आहे.