यादीतलं सातवं पुस्तक

शमशाद बेटा,

यादी शाळेत देण्याआधी सातवं पुस्तक खोड, नाहीतर मोठ्या बाई ते कुठं मिळतं म्हणून तुलाच धरतील. तुझ्या शाळेसाठी खऱ्या घटनांची पुस्तकं सुचवा म्हटल्यावर वाचनालयातल्या सहा जणांनी सहा नावं दिली. मला गप्प बसवेना. मी ठोकून दिलं, "पोलीस ॲक्शनच्या साली आपली गल्ली." असं पुस्तकच नाय!

पण माझ्या थापांना कधी न भुलणारा इलियास म्हणाला, "व्हय, वाचलंय मी. लई रडलो."

त्याच साली, निजामाच्या राज्यात फौज शिरली तेव्हा, त्याचा थोरला भाऊ घरातून गेला, तो आलाच नाय.

थापा मारून दमलो, बेटा. वही घेऊन इलियासकडं चाललोय. जेवायला थांबू नको. तो सांगेल तेवढंच लिहीन, पदरचा एक शब्द घालणार नाय.

— तुझे दादा