हेटीताईचे हात

लॉस एंजेलिस, ऑगस्ट १९२९

हेटीताई,

माझा खोकला गेलाय. संत्री इथे मातीमोल भावानं मिळतात. आईचे गुडघे कसे आहेत?

तुझं लाकडी तालयंत्र अजून माझ्या टेबलावर टिकटिकतं. आधी त्याचे ठोके धरायचे, मग कार्टूनमधल्या बकरीचं पाऊल बरोबर ठोक्यावर काढायचं, म्हणजे संगीत चित्राला तंतोतंत बसतं. स्टुडिओत सगळे विचारतात, "ऑरिन, तुला हे सुचलं तरी कसं?"

सुचलं कुठलं. डॉब्सच्या थिएटरात मूकपटाच्या पडद्याखाली बसून तू पियानो वाजवायचीस. पडद्यावरचा माणूस घसरणार, त्याच्या आधी तुझे हात किंचित थांबायचे आणि मग लोक हसायचे. ते थांबणं मी बकरीला दिलंय.

काल तुझं पत्र आलं. डॉब्सनं थिएटरातला पियानो बाहेर काढला, तिथे बोलपटाच्या आवाजाचा कर्णा बसवला आणि पहिलं बोलकं कार्टून लावलं ते माझंच. वर तुला फुकट पास दिला. मेल्याला लाज नाही. मला तरी कुठे आहे?

स्टुडिओतल्या साहेबांना पुढची बकरी हवी आहे. मला पेन्सिल धरवत नाही.

शिकवण्या मिळतील म्हणतेस. आता पियानो शिकायला कोण येणार, ताई?

आईला फक्त संत्र्यांचं वाचून दाखव.

बकरी घसरली तेव्हा सगळं थिएटर पोट धरून हसलं, असं लिहिलंयस. त्याच्या आधी तुझे हात कुठे होते, ते लिहिलं नाहीस.

तुझाच,
ऑरिन