नवा एडिटर आणि आपली चंद्री

तीर्थरूप अप्पा,

बेंगलोरातनं तुमच्या लेकीचा वाकून नमस्कार. मी बरी हाय. जेवणखाण वेळेवर हाय.

डेअरीत दुधाचं फॅट सांगणाऱ्या मशीनच्या पोटात बारका कॉम्प्युटर असतो, त्यावर लिनक्स नावाची प्रणाली चालते. त्याचा कोड मी काळ्या पडद्याच्या साध्या एडिटरात, म्हंजे कोड लिहायच्या वहीतच म्हणा, लिहिते. त्यात बोटं आपोआप चालतात.

आता हापिसानं सगळ्यांना एकच नवा एडिटर लावलाय. तो निम्मा कोड स्वतःच लिहितो, मी नुसतं बघायचं. माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्यात. आईला ह्यातलं काय बोलू नका. तिचा गुडघा कसा हाय?

दादानं आणलेलं धारा काढायचं मशीन तुम्ही परत पाठवलंसा, ते फोनवर कळलं. आपली चंद्री म्हस पान्हाच सोडंना, लाथ घालून नळ्या उडवल्या तिनं. मग तुम्ही पुन्हा हातानं धारा काढाय बसलासा की.

इथं मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "नव्या एडिटरची कुणाला अडचण?"

सगळ्यांसंगं मी बी न्हाय म्हणून मान हलवली.

चंद्रीच्या पाठीवरनं माझ्या वाटचा हात फिरवा.

तुमची,
तेजस्वी