दोनदा वारलेल्या आईस

प्रिय आई,

तू मेलीस त्याची रजा मला मिळाली नाही. आधी ही तक्रार, बाकीचं मागाहून.

चार दिवस कचेरीत गेलो नव्हतो. पाचव्या दिवशी अर्ज दिला, कारण : मातृनिधन. हेडक्लार्कनं माझं सर्व्हिस बुक उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं कानडी हेल काढून विचारलं, "एन्री, काय हो, तुमच्याकडं आई किती वेळा वारते?" मग पान माझ्याकडं फिरवलं. कुटुंबाची माहिती. आई : मयत. अक्षर माझंच, चांगलं वळणदार. मेलेल्या बाईनं पुन्हा मरून सरकारचे चार दिवस बुडवावेत, याला बेळगावच्या कुठल्याच कचेरीत नियम नाही म्हणे.

म्हणून लिहायला बसलो. नऊ वर्षं दर महिन्याला मी एका बाईला 'डिअर मम्मी' असं पत्र लिहिलं, तुला एकही नाही. तुला वाचता येत नव्हतं, ही सबब तेव्हा चालून गेली. आज तर ती जास्तच चालेल, पण लिहितोय.

बहात्तरच्या दुष्काळात आबा गेला आणि तू मला सदलग्याच्या रस्त्यावरच्या मिशनच्या बालगृहात आणून सोडलंस. तू निपाणीत, तंबाखूच्या वखारीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचीस, चिरमुऱ्यांची पुडी घेऊन. त्या चिरमुऱ्यांनासुद्धा तंबाखूचा वास असायचा. पोरं म्हणायची, मारुतीची आई आली, शिंका काढून ठेवा. मला तुझी लाज वाटायची. हे तुला माहीत होतं ना? मग का यायचीस?

बालगृहात दोन जाती होत्या : पूर्ण आणि अर्धे. आई-बाप दोघंही मेलेला तो पूर्ण. एकच मेलेला तो अर्धा. अर्ध्यांना सातवीपर्यंत जेवण, त्यानंतर वखारीची वाट. पूर्णांना परदेशातले पालक मिळायचे, म्हणजे बूट, फी, पुढं कॉलेज. मी अर्धा होतो. तुझ्यामुळं.

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांची सेवा करायला एक नवरा-बायको परदेशातून आले. साहेब उंच, मॅडम बारीक, दोघांच्या नाकाची सालं निघालेली. त्यांनी येऊन जेवणघराची भिंत रंगवली. गावातला रंगारी गंगाप्पा समोरच्या चिंचेखाली बसून सहा आठवडे ते बघत होता, कारण तेवढे दिवस त्याचं काम देवाकडं गेलं होतं. पहिल्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे पडले आणि गंगाप्पानं सगळं खरवडून पुन्हा रंगवलं. पण माणसं वाईट नव्हती गं. माझी खरी अडचण तीच आहे. वाईट असती तर हे पत्र एका पानात संपलं असतं.

जाताना ते एक मूल निवडणार होते. वॉर्डन मास्तरांनी तुला बोलावून सांगितलं : पोरगं हुशार आहे, इंग्रजी बोलतंय, पण अर्धं आहे. तू किती वेळ विचार केलास? मी दाराशी उभा होतो, मला तर वाटतं केलाच नाहीस.

"मग मला मारा की मास्तर," तू म्हणालीस. "मी जगून तरी काय दिवा लावायलोय?"

कागद तयार झाला. त्यावर मृत बाईच्या एका नातेवाइकाची सही हवी होती. आता नातेवाईक कुठून आणायचा? तूच झालीस. मृत बाईची बहीण, म्हणजे माझी मावशी, आणि स्वतःच्या मरणाखाली तू स्वतःचा अंगठा उठवलास. मग बोट लुगड्याला पुसून मास्तरांना विचारलंस, "आता भेटाय आलं तर चालतंय न्हवं?"

मावशीला चालत होतं.

परदेशी धाडायचा फोटो काढायचा होता त्या रविवारी तू शेजारच्या गल्लीतल्या तानूआक्काचं शहापुरी लुगडं मागून नेसून आलीस. मावशी म्हणून फोटोत उभी राहणार होतीस. तुला काय वाटलं होतं, परदेशात लोक तुझे काठ बघत बसतील? मास्तरांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, अनाथाची मावशी इतकी झोकात असते काय? तुला स्वयंपाकघरात धाडलं. तिथं चुलीतला निखारा उडाला आणि तानूआक्काच्या पदराला रुपयाएवढं भोक पडलं. ते भोक मुठीत दाबून, दुसऱ्या हातानं चहाची थाळी सांभाळत तू आत आलीस.

मॅडमना लगेच शिंक आली. त्यांनी मला जवळ घेतलं होतं. आईचं काय आठवतं, असं त्या विचारत होत्या. मी निवडून यायला बसलो होतो, आई. मी म्हणालो, "शी वॉज सिंगिंग व्हेरी नाइस, मॅडम." तुला एक ओळ सुरात म्हणता येत नव्हती. वखारीतल्या बायका तुला गप्प बसवायच्या.

मॅडम रडल्या. माझ्या आईच्या आत्म्यासाठी सगळ्यांना डोळे मिटायला लावून त्यांनी प्रार्थना केली. मी एक डोळा उघडून बघितलं. तू थाळी खाली ठेवून हात जोडले होतेस, डोळे गच्च मिटले होतेस. स्वतःच्या आत्म्याला शांती मागत होतीस, आणि तीही मनापासून. तुला इंग्रजी कळत नव्हतं हे खरं. पण कुणासाठी मागतोय एवढं तरी विचारायचंस की नाही?

बाहेर आल्यावर विचारलंस, "काय म्हनाली रं बाई?"

"तू मेलीस त्याचं लई वाईट वाटलं म्हणाली."

"बिचारी," तू म्हणालीस. "चांगली बाई हाय. तिला कदी दुखवू नगंस."

नाही दुखवलं. त्यांना आवडतं म्हणून मम्मी म्हणालो, कॉलेज संपेपर्यंत म्हणालो. तेव्हा तुला परत जिवंत करता आलं असतं. कोण अडवत होतं? पण कॉलेजात तू मावशी म्हणून भेटायला आली होतीस. सासुरवाडीला मी सांगितलं, आई लहानपणीच गेली, मावशीनं बघितलं. माझ्या लग्नात तू तिसऱ्या रांगेत बसलीस आणि सासूबाईंनी तुला दूरची समजून ब्लाऊजपीस दिला. माझ्या मुली तुला मावशीआज्जी म्हणायच्या आणि तू ओ द्यायचीस. एकदा तरी चिडायचंस! एकदा तरी चारचौघांत माझ्या थोबाडीत द्यायचीस. तुझ्या या समजूतदारपणावर मी आयुष्यभर जगलो, आणि त्याच्याइतकी चीड मला दुसऱ्या कशाची आली नाही.

वखारीतला दमा तुझ्या छातीत मुक्कामाला आला, तर त्याच्या औषधाचं बिल मला कचेरीत लावता येईना. मयत बाईला दमा कसा होईल?

आणि शेवटचा तो दवाखाना. नर्स कागद भरत होती. "पेशंट तुमची कोण?" मी सवयीनं "मावशी" म्हणालो आणि अडखळलो. तोंडावर नळी असलेली तू, तुला दोन शब्द बोलायचे तर श्वास उसना घ्यावा लागत होता. मी गडबडलो असं वाटून तू नळी बाजूला केलीस आणि नर्सला सांगितलंस, "व्हय, मावशी."

एवढेच तुझे शेवटचे शब्द. माझं खोटं नीट झाकलं गेलंय की नाही, ते तपासून गेलीस.

आता मी खरोखरचा पूर्ण झालो. मास्तर असते तर आजच नाव पुढं पाठवलं असतं.

तर ऐक. सर्व्हिस बुकातली ती ओळ मी शपथपत्र करून बदलून घेणार आहे. खोटी माहिती दिली म्हणून काय चौकशी करायची ती करू देत. त्याआधी, येत्या रविवारी, मुलींना समोर बसवून सांगणार आहे की तुमची आज्जी कोण होती आणि तुमचा बाप कोण आहे. त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या, तर तेही ऐकून घेईन. हे वचन आहे, आणि या वेळी अंगठा माझा.

काल शहापुरात जाऊन एक लुगडं घेतलं. तेच काठ, जवळपास तोच रंग. निपाणीला तानूआक्काकडं गेलो. तिला आता दिसत नाही, बोटांनी काठ चाचपत बसली. त्या रविवारनंतर तू तिची गल्ली चुकवून वखारीत जायचीस, ते तिला ठाऊक होतं.

"कुनी दिलं रं?" तिनं विचारलं. तिला सगळं माहीत होतं, तरी विचारलं.

"आईनं," मी म्हणालो.

घडी न मोडता तिनं लुगडं ट्रंकेत ठेवलं.

तुझा मुलगा,
मारुती