तारेतलं वासरू

बाबा, अकोल्याच्या तार ऑफिसात तुम्ही जन्मभर शब्द मोजलेत आणि मी अमरावतीत सभा गाजवताना जन्मभर शब्द उधळले. आता या वयात मलाही मोजावे लागत आहेत. गावोगावच्या वाचनालयांतलं कोणतं पुस्तक कुठे आहे ते सांगणारं ॲप मी बनवतो आहे. बनवतो म्हणजे संगणकातल्या एका एआय सहायकाला मराठीत सांगतो आणि तो प्रोग्रॅम लिहितो. आपलं बोलणं आणि त्याचं उत्तर, दोन्हींचे तो बारीक तुकडे पाडतो. त्यांना टोकन म्हणतात, आणि तुकड्यागणिक पैसे लागतात. तुम्ही असता तर खुर्ची ओढून शेजारी बसला असता.

भाषणांचं वर्षभराचं मानधन मी यात घातलं. आठवड्यात बहुतेक संपलं आणि ॲप अर्धंही झालं नव्हतं. तुमच्या नातीनं, माझ्या लेकीनं, खर्चाचं पान उघडलं आणि हसायलाच लागली. "बाबा, तुमी त्याच्यापुढं भाषण देऊन राहिले! अन् एकच गप्पा आठवडाभर. तुमी एक वाक्य टाकलं की ते पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचते, त्याचेबी पैसे लागतात." मी म्हटलं, सभा मधेच मोडायची नसते. "मोडा. नवं काम, नव्या गप्पा. अन् मराठीचे तुकडे जास्त पडतात, इंग्रजीत सांगत जा." यावर मी जो कडाडलो! मातृभाषेत बोलणाऱ्यानं जास्त पैसे का मोजायचे, हे मी प्रत्येक व्यासपीठावरून विचारणार आहे. भाषा सोडली नाही, शब्द मात्र कापले. इतके कापले की फक्त म्हटलं, पुस्तकांच्या देवाणघेवाणीची नोंद ठेव. त्यानं झटक्यात ठेवली आणि सोबत उशिराला दंड, प्रत्येकाला पासवर्ड! आमच्याकडे शेतातून परतताना बाया पुस्तक नेतात. दंड लावला तर कोण फिरकेल? ते सगळं काढण्यात आणखी टोकनं गेली.

तेव्हा मला तुमचा काउंटर दिसू लागला. शाळा सुटली आहे, मी तुमच्यामागे स्टुलावर बसलो आहे. भाजीवाली मावशी फौजेतल्या मुलाला तार करते आहे: गाय व्याली, वासरू झालं, घरी ये. तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून तुम्ही पेन्सिल उचलता. "मावशी, 'घरी ये' एवढं पुरते. वासरू कापतो."

"वासरू राहू दे, भाऊ. नुसतं 'घरी ये' वाचलं त पोरगं समजन, माय मेली!"

तुम्ही खो खो हसलात आणि वासरू राहिलं. पुढे कोणतीही तार कापण्याआधी तुम्ही विचारायचात, "वाचणारा काय समजन?"

मी नव्या गप्पा उघडल्या आणि आधी वासरू लिहिलं: हे कोण वापरणार आणि त्यांना कशाची धास्ती वाटते. मग मोजकं काम सांगितलं. उरलेल्या पैशांत ॲप पुरं झालं. पण एक कुतूहल उरलंच आहे. इतक्या लोकांचे कापलेले शब्द तुम्ही ऐकलेत, संध्याकाळी घरी येताना तुम्ही ते मनात कुठे ठेवायचात?

हे पत्र कुठल्याच तारेनं जाणार नाही, म्हणून एकही शब्द कापलेला नाही. आणि एक सांगतो. काम संपल्यावर मी त्या यंत्राला लिहिलं, "शाब्बास रे गड्या." त्यानं पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं आणि खर्चाचा आकडा हलला. तुमच्या नातीला हे माहीत नाही.